दान पडण्यापूर्वीचा न्याय

रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, त्यांतील एकाखेरीज प्रत्येकजण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करू पाहते हे तोंडाने सांगतो, आणि उरलेली एक व्यक्ती, जिला खेळाच्या परिभाषेत गेम मास्टर आणि या लेखात सूत्रधार म्हटले आहे, त्या पात्रांभोवतीचे जग, त्यातील शत्रू आणि घडामोडी चालवते. एखाद्या पात्राने तटबंदी चढून जायचे ठरवले, तर ते वर पोचते की खंदकात कोसळते याचा निर्णय सहसा फाशांवर सोपवलेला असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. कोणते फासे घ्यावेत, किती घ्यावेत, पडलेले दान कशाशी ताडून पाहावे आणि त्याचे फळ काय मानावे, या सगळ्याची मिळून जी व्यवस्था होते तिला फाशांची यंत्रणा म्हणतात, आणि तेव्हापासून आजवर या यंत्रणेच्या न्याय्यतेविषयी रचनाकारांत व खेळणाऱ्यांत वाद चालू आहे.

त्या वादातील दोन भूमिका पुढील संवादात मांडल्या आहेत. पहिली भूमिका गणितीची आहे. न्याय ही मोजून दाखवता येणारी गोष्ट असून जी यंत्रणा कागदावर तपासता येत नाही ती टेबलावर न्याय्य ठरूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. दुसरी भूमिका सूत्रधाराची आहे. फासा केव्हा टाकायचा आणि तो कशासाठी टाकला जात आहे हे ठरण्यातच बराचसा न्याय होऊन गेलेला असतो, असे तो मानतो. दोघेही प्रातिनिधिक आहेत, आणि चांगल्या रचनाकाराच्या डोक्यात बहुधा हे दोघेही एकाच वेळी बोलत असतात.

गणिती : न्यायाची पहिली पायरी वस्तूतच शोधावी लागते. फाशाची प्रत्येक बाजू वर येण्याची शक्यता सारखी असेल तरच तो फासा सचोटीचा म्हणायचा. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंच्या ज्या पाच घनाकृती भूमितीला प्राचीन ग्रीकांपासून माहीत आहेत, त्यांची कोणतीही बाजू फिरवून दुसऱ्या कोणत्याही बाजूच्या जागी आणली तरी आकृती जशीच्या तशी दिसते, म्हणून एखाद्या बाजूचा पक्षपात करायला आकाराकडून तरी कारण मिळत नाही. दहा बाजूंचा फासा या पाचांत बसत नसला तरी त्याच्या पतंगाकृती बाजू याच कसोटीला उतरतात. लू झॉकी यांनी १९८५ साली काढलेला शंभर बाजूंचा फासा मात्र गोळ्याला शंभर ठिकाणी चपटे करून बनवलेला होता, आणि तो पुष्कळ वेळा टाकून तपासला गेला तेव्हा अगदी लहान व अगदी मोठ्या संख्या अपेक्षेपेक्षा कमी वेळा पडतात असे आढळले. आकार निर्दोष असला तरी द्रव्य दगा देते. इंग्रज जीवशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ साली बारा साधे फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या, तेव्हा पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण ०.३३३३ ऐवजी ०.३३७७ आले, ठिपके कोरलेले असल्यामुळे जास्त ठिपक्यांच्या बाजू किंचित हलक्या होतात आणि वर येतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग चाचणी मांडली, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी आणि अपेक्षित नोंदी यांतील तफावत निव्वळ योगायोगाची आहे की नाही हे ठरवण्याची रीत घालून दिली, तेव्हा तिच्यासाठी वापरलेल्या उदाहरणांत याच नोंदी होत्या.

सूत्रधार : आपण दिलेल्या या उदाहरणातूनच उलट निष्कर्ष निघतो. तीन लाखांहून अधिक दाने मोजल्यावर जी तफावत दिसली, ती एका संध्याकाळी फार तर शंभर-दीडशे वेळा फासे पडणाऱ्या टेबलावर कोणाचे काय बिघडवणार आहे? शिवाय फासा सर्वांचा एकच असेल तर त्याचा दोषही सर्वांना सारखाच भोवतो. पचिशीतील कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असे कोणी कधी मानलेले नाही, तरी तो खेळ अन्यायाचा ठरत नाही, कारण त्याच कवड्या आळीपाळीने प्रत्येकाच्या मुठीतून जातात. फासा बिनचूक असण्यापेक्षा तो सामाईक असणे अधिक महत्त्वाचे आहे.

गणिती : पचिशीत चारही खेळाडूंना एकाच नियमाने दान हवे असते, म्हणून तेथे हा युक्तिवाद टिकतो. येथे तो टिकत नाही, कारण रोल-प्लेइंग गेममध्ये सर्वजण सारखे फासे टाकत नाहीत. तलवारबाज स्वतः वीस बाजूंचा फासा टाकून घाव घालतो. जादूगाराच्या अनेक मंत्रांत मात्र फासा टाकायचा असतो तो मंत्र झेलणाऱ्या शत्रूने, म्हणजे सूत्रधाराने, आणि तो मोठा पडला तर मंत्र वाया जातो. आता टेबलावरचा एकमेव फासा मोठ्या संख्येकडे झुकणारा असेल तर तोच सामाईक फासा तलवारबाजाला वर नेतो आणि जादूगाराला बुडवतो. वीस बाजूंच्या फाशावर एखादी बाजू पाचऐवजी सहा टक्के वेळा पडत असेल, तर ते खात्रीने ओळखायला हजारो फेकी लागतात, म्हणजे टेबलावरच्या माणसांना हा अन्याय सोसावा लागेल पण दिसणार नाही. न दिसणारा अन्याय क्षम्य असतो असे आपणास म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी.

सूत्रधार : तसे म्हणायचे नाही. फासा बऱ्यापैकी सचोटीचा असावा हे मान्य. पण तो विकत घेण्याचा प्रश्न झाला, रचनेचा नव्हे. सचोटीचे फासे घेऊनही अन्यायाची यंत्रणा बनवता येते, आणि वादाचा खरा विषय तेथून पुढे सुरू होतो.

या ठिकाणी दोघांचेही एकमत होते, आणि बोलणे फाशाच्या देहाकडून दानांच्या वितरणाकडे, म्हणजे कोणते दान किती वेळा पडावे याच्या आराखड्याकडे वळते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये बहुतेक निर्णय वीस बाजूंच्या एका फाशावर होतात, त्याचे वितरण एकसमान आहे, म्हणजे एकपासून वीसपर्यंत प्रत्येक दान पाच टक्के वेळा पडते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ या १९८६ सालच्या खेळात सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेतात; तिचे वितरण घंटेच्या आकाराचे असते, म्हणजे दहा आणि अकरा ही मधली दाने प्रत्येकी साडेबारा टक्के वेळा पडतात, तर अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक इतकीच असते. दोन्ही पद्धतींची सरासरी साडेदहाच आहे. दाने सरासरीपासून किती विखुरतात हे सांगणारे प्रमाण विचलन मात्र पहिल्या पद्धतीत ५.८ आणि दुसऱ्या पद्धतीत जवळपास ३ आहे, आणि सगळे भांडण या एका आकड्यावरून पेटते.

गणिती : एक कसलेला पैलवान आणि एक किडमिडीत पंडित पंजा लढवत आहेत असे धरू. दोघांनी फासा टाकायचा, पैलवानाने आपल्या दानात पाच मिळवायचे आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. वीस बाजूंच्या फाशाने शंभरांतील सुमारे सव्वीस वेळा पंडित जिंकतो, आणि तीन-चार वेळा बरोबरी होते. तीन फाशांच्या बेरजेने हीच लढत खेळली तर पंडिताच्या वाट्याला शंभरांत दहासुद्धा विजय येत नाहीत. ज्या खेळाडूने आपल्या पात्राचे सगळे गुण ताकदीवर खर्च केले, त्याला दर चौथ्या लढतीत पंडिताकडून हार पत्करावी लागत असेल, तर त्याने खर्च केलेल्या गुणांची किंमत यंत्रणेने चुकती केली नाही. कर्तृत्वाला दैवापेक्षा किती वजन द्यायचे हा रचनेचा गाभा आहे, आणि एकसमान फासा दैवाला फार वजन देतो.

सूत्रधार : पैलवान आणि पंडित यांचा पंजा फाशावर सोपवणाऱ्या सूत्रधाराची चूक आपण फाशाच्या माथी मारत आहात. जेथे निकाल शहाण्या माणसाला आधीच दिसतो तेथे फासा टाकायचाच नसतो. पैलवान जिंकला असे सांगून कथा पुढे न्यायची. फासा टाकायचा तो जेथे दोन्ही निकाल संभवतात आणि दोन्ही निकालांनी कथेला काही वळण मिळते तेथेच. आणि एवढे पथ्य पाळले तर विखुरलेली दाने हा दोष न राहता खेळाची गंमत होते. आणखी एक गोष्ट घंटाकृती वितरणाचे समर्थक सहसा सांगत नाहीत. वीस बाजूंच्या फाशावर एका अधिक गुणाची किंमत सरळ पाच टक्के असते, हे दहा वर्षांच्या मुलालाही समजते. ‘गर्प्स’मध्ये पात्राच्या कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी बेरीज पडली तर यश मिळते; तेथे कौशल्य दहावरून अकरावर गेले तर यशाची शक्यता पन्नासवरून साडेबासष्ट टक्क्यांवर जाते, पण पंधरावरून सोळावर जाताना ती तीन टक्क्यांनीही वाढत नाही. टेबलावर बसलेल्या खेळाडूला उडी मारावी की न मारावी हे ठरवायचे आहे, आणि आपली शक्यता किती हे त्याला तक्ता उघडल्याशिवाय कळत नाही. ज्या जोखमीचे मोल कळत नाही ती त्याने स्वेच्छेने पत्करली असे कसे म्हणायचे?

गणिती : हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तरेही दिली गेली आहेत. १९७८ सालच्या ‘रून-क्वेस्ट’ने आणि १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने शंभरांवर मोजणारी पद्धत घेतली, पात्राच्या कागदावर पंचावन्न लिहिले असेल तर दहा बाजूंच्या दोन फाशांनी बनणारी संख्या पंचावन्न किंवा त्याखाली पडायला हवी, म्हणजे शक्यता कागदावरच छापलेली असते. दुसरे उत्तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने दिले. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठे दान घ्यायचे, प्रतिकूल असेल तर लहान घ्यायचे. या अनुकूलतेने अकरा किंवा अधिक पडण्याची शक्यता पन्नासवरून पंचाहत्तर टक्क्यांवर जाते, म्हणजे पाच अधिक गुण मिळाल्यासारखेच होते. पण नेमके वीसच हवे असतील तर ती पाचवरून पावणेदहा टक्क्यांपर्यंतच जाते. मदत मिळते ती जेथे खरा संशय आहे तेथे, आणि जवळपास अशक्य असलेली गोष्ट जवळपास अशक्यच राहते. शिवाय खेळाडूला बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. साधेपणा आणि गणिती सौष्ठव यांचा इतका चांगला मेळ या खेळाच्या इतिहासात क्वचितच जमला असेल.

गणितीच्या या शेवटच्या वाक्यात थोडी अतिशयोक्ती आहे, कारण अनुकूलतेची दोन-तीन कारणे एकाच वेळी जमली तरी या नियमात दोनच फासे टाकले जातात आणि जास्तीची कारणे वाया जातात. तरी त्याने पुढे मांडलेला मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि या विषयावरील लेखनात त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही.

गणिती : शक्यता कळणे ही एक अट झाली. तिच्याही आधीची अट अशी, की कौशल्य वाढल्याने पात्राचे नुकसान होता कामा नये. ऐकायला हे इतके उघड वाटते की कोणी तपासत नाही, आणि न तपासल्यामुळेच नामांकित खेळ येथे घसरले आहेत. १९९१ सालच्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’मध्ये जितके कौशल्य तितके दहा बाजूंचे फासे टाकायचे, ठरलेली लक्ष्यसंख्या किंवा तिच्यावरचे प्रत्येक दान म्हणजे एक यश, आणि पडलेला प्रत्येक एक एका यशाला खाऊन टाकतो, एक हे दान यशांपेक्षा जास्त वेळा पडले तर साधे अपयश न राहता घोर फजिती होते. आता काम अत्यंत अवघड असेल, म्हणजे लक्ष्यसंख्या दहा असेल, तर एकच फासा टाकणाऱ्या नवशिक्याची फजिती दहा टक्के वेळा होते. दोन फासे टाकणाऱ्याची सतरा टक्के वेळा, तीन टाकणाऱ्याची बावीस टक्के वेळा आणि पाच फासे टाकणाऱ्या उस्तादाची अठ्ठावीस टक्के वेळा. त्याची यशाची शक्यताही त्याच प्रमाणात वाढते हे खरे, पण अनुभव वाढत जाईल तसा माणूस वारंवार तोंडघशी पडतो, हे जगाचे कोणते चित्र झाले? नंतरच्या एका आवृत्तीत, एकही यश न पडता एक हे दान पडले तरच फजिती, असा बदल करावा लागला. नियम छापण्यापूर्वी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसले असते तर हे टळले असते.

सूत्रधार : या ठिकाणी आपल्याशी वाद नाही. असा नियम कितीही कुशल सूत्रधाराच्या हाती दिला तरी तो सुधारत नाही, कारण खेळाडूने डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णयच त्याला फसवतो.

गणिती : मग आणखी एक पायरी पुढे चला, कारण यापेक्षा सूक्ष्म अन्याय सगळे नियम बरोबर असतानाही होतो. वीस पडले की घाव दुप्पट जिव्हारी लागतो, हा नियम पात्रांना आणि राक्षसांना सारखाच लागू आहे, म्हणून तो समतोल दिसतो. पण राक्षस तीन-चार फेऱ्या जगतो आणि मरतो. मरण्यासाठीच तो कथेत आलेला असतो. खेळाडूचे पात्र मात्र महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षा असते, आणि तेवढ्या काळात त्याच्यावर शेकडो घाव पडतात. पाच टक्क्यांची घटना चौदा वेळांत एकदा तरी घडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, चाळीस वेळांत ती सत्त्याऐंशी टक्के होते. टोकाची घटना राक्षसाला फार तर त्याच्या मरणाच्या दोन फेऱ्या आधी मारते. पात्राला मात्र तिच्याशी केव्हा तरी गाठ घालावीच लागते. एकच नियम दोघांना सारखा लावला तरी त्याचा भार सारखा पडत नाही. दानांचा विखुरलेपणा नेहमी दुबळ्या बाजूला धार्जिणा असतो, आणि या खेळांत बहुतेक वेळा दुबळी बाजू म्हणजे राक्षस.

सूत्रधार : हे जर खरे असेल, आणि आकडे पाहता ते खरे दिसते, तर त्यावरचा उपाय फाशांच्या आराखड्यात सापडणार नाही, कारण फाशाला पात्र आणि राक्षस यांतला फरक कळत नाही. तो फरक टेबलावरच्या माणसालाच कळतो. म्हणून तर सूत्रधार नावाचा माणूस तेथे बसवलेला आहे.

सूत्रधाराच्या या उत्तरामागे खेळापेक्षा बराच जुना इतिहास आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली ‘क्रीग्सश्पील’ नावाचा युद्धाभ्यासाचा खेळ नियमबद्ध केला. त्यात नकाशावर तुकड्या हलवल्या जात, चकमकींचा निकाल फासे आणि तक्ते यांवरून लागे, आणि एक पंच दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून खेळ चालवी. जनरल स्टाफचे प्रमुख म्यूफलिंग यांच्या शिफारशीने तो सैन्यात रुजला, पण कालांतराने तक्ते आणि हिशेब यांचे ओझे अधिकाऱ्यांना जाच वाटू लागले, आणि व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी १८७६ साली असे सुचवले की फासे आणि तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा. फासा की पंच हा प्रश्न त्यामुळे दीड शतक जुना आहे. चार्ल्स टॉटन यांच्या १८८० सालच्या ‘स्ट्रॅटेगोस’ या अमेरिकन पुस्तकातून पंचाची ही कल्पना मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांच्यापर्यंत पोचली, त्यांच्या खेळांत आर्नेसन खेळले, आणि तेथून ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये उतरली. फाशांना पूर्ण रजा देणारा खेळही पुढे झाला. एरिक वुयचिक यांचा ‘अँबर’ हा १९९१ सालचा खेळ पात्रांच्या गुणांची तुलना आणि सूत्रधाराचा विवेक एवढ्यावरच चालतो.

गणिती : पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायचा असेल तर उघडपणे चालवावा; त्याला हरकत नाही. हरकत आहे ती पडद्याला. बहुतेक सूत्रधार आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात, त्यामागे फासे टाकतात, आणि पडलेले दान कथेला सोयीचे नसेल तर वेगळेच दान सांगतात. खेळाडूला पंचावन्न टक्के शक्यता सांगितली आणि प्रत्यक्षात निकाल सूत्रधाराच्या मर्जीने लागला, तर तो आकडा खोटा होता. मग इतका वेळ वितरणांची चर्चा केली ती कशासाठी?

सूत्रधार : खोटा आकडा नेहमीच अन्याय करतो असे नाही. आकड्यांविषयी माणसाचा अंदाज कच्चा असतो. पंचाहत्तर टक्के म्हटले की त्याला ते जवळपास नक्की वाटते, आणि चारांत एकदा ठरल्याप्रमाणे हार आली की तो चिडतो. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी संगणकीय खेळमालेत २००२ सालापासून दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी घेऊन घाव लागला की नाही हे ठरवू लागले, त्यामुळे पडद्यावर पंचाहत्तर टक्के दिसत असताना प्रत्यक्षात सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के घाव लागतात, आणि पंचवीस दिसत असताना तेरा टक्केही लागत नाहीत. खेळणाऱ्यांना यात काही गैर वाटले नाही. उलट दिसणारे आकडे आता कुठे खरे वाटू लागले, अशीच भावना झाली. खराखुरा न्याय आणि न्याय झाल्याची प्रतीती या दोन गोष्टींत अंतर असते, आणि सूत्रधाराला दुसरीही सांभाळावी लागते.

गणिती : त्या खेळातील असत्य आज्ञावलीत कायमचे लिहिलेले आहे, ते प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक घावाला एकाच सूत्राने लागू होते, आणि ज्याला शोधायचे त्याला ते सूत्र सापडते. पडद्यामागचे असत्य कोणत्या पात्रासाठी बोलले जाईल, कोणत्या दिवशी बोलले जाईल हे कोणालाच ठाऊक नसते, कित्येकदा सूत्रधारालाही नसते. सूत्रधाराच्या जिवलग मित्राचे पात्र तीनदा वाचते आणि गटात नव्याने आलेल्या मुलीचे पहिल्याच लढाईत मरते, तेव्हा त्यात दैव किती आणि लोभ किती हे कसे ओळखायचे? उघड्यावर पडलेला फासा निर्दय असेल, पण त्याला कोणाचे तोंड दिसत नाही.

सूत्रधाराकडे याला पुरते उत्तर नाही, आणि तो तसे भासवतही नाही. तो वेगळ्या वाटेने येतो. पडद्याची गरज मुळात का भासते, असे तो विचारतो, आणि त्याचे उत्तर असे देतो की फासा टाकण्यापूर्वी अपयशाचा अर्थ ठरवलेला नसतो म्हणून. दान पडल्यावर सूत्रधाराच्या लक्षात येते की या अपयशाने कथा ठप्प होते किंवा पात्र हकनाक मरते, आणि मग तो हातचलाखीकडे वळतो.

सूत्रधार : मेग आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या २०१० सालच्या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज दहा किंवा अधिक झाली तर निर्भेळ यश, सात ते नऊ झाली तर यश मिळते पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि सहा किंवा कमी झाली तर सूत्रधार परिस्थिती बिघडवतो. पात्राला कोणताही अधिक गुण नसेल तर निर्भेळ यश सहांत एकदाच मिळते, आणि किंमत मोजून मिळणारे यश व बिघाड हे दोन्ही सुमारे बेचाळीस टक्के वेळा येतात. आपल्या हिशेबाने हे आकडे क्रूर ठरतील. तरीही हा खेळ खेळणाऱ्यांना तो क्रूर वाटत नाही, कारण प्रत्येक कृतीचे संभाव्य परिणाम नियमांतच लिहिलेले आहेत, खेळाडूने फासे उचलण्यापूर्वी काय पणाला लागले आहे हे सर्वांना माहीत आहे, आणि ‘काहीच घडले नाही’ हा निकाल या यंत्रणेत जवळजवळ नाहीच. येथे पडद्याची आवश्यकता उरत नाही. किंबहुना या खेळात सूत्रधार फासे टाकतच नाही.

गणिती : म्हणजे न्याय दान पडण्यापूर्वीच झालेला असतो, असे आपले म्हणणे. ते मान्य करायला अडचण नाही, पण त्यात गणिताची सुटका होत नाही हे लक्षात घ्या. पणाला काय लागले आहे हे सांगणे म्हणजे ते किती शक्यतेने गमावले जाईल हेही सांगणे. बेचाळीस टक्के हा आकडा खेळाडूला ठाऊक नसेल तर पणाला काय लागले ते जाहीर करणे हा नुसता उपचार राहतो.

संवाद येथवर आल्यावर दोघांतील अंतर कमी झाले आहे असे वाटू शकते. पण एका ठोस नियमाशी गाठ पडताच ते पुन्हा उघडे पडते, आणि गंमत अशी की या वेळी बाजू उलट्या होतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत प्राणशक्ती संपून पात्र कोसळले की ते लगेच मरत नाही, आपल्या प्रत्येक पाळीला खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, दहा किंवा अधिक पडले तर एक यश, त्याखाली पडले तर एक अपयश, एक पडला तर दोन अपयशे, आणि वीस पडले तर पात्र शुद्धीवर येते. तीन यशे आधी झाली तर प्राण वाचतो, तीन अपयशे आधी झाली तर पात्र मरते. कित्येक टेबलांवर हा फासा गुपचूप टाकण्याची रीत आहे, म्हणजे कोसळलेल्याच्या सोबत्यांना त्याची स्थिती कळू नये आणि त्यांची धावपळ खरी वाटावी.

गणिती : या गुप्ततेला हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. दान बदलले जात नाही, ते फक्त झाकले जाते. बाहेरची मदत आली नाही आणि नवा घावही बसला नाही तर मृत्यूची शक्यता साडेचाळीस टक्के आहे, आणि ती सर्वांना आधीच काढता येते. रणांगणावर आडव्या पडलेल्या माणसाविषयी सोबत्याला एवढेच माहीत असणे वास्तवालाही धरून आहे.

सूत्रधार : येथे मात्र फासा उघड्यावरच पडला पाहिजे. साडेचाळीस टक्के हा आकडा पात्र कोसळले त्या क्षणापुरता खरा असतो. त्यानंतरच्या प्रत्येक दानाने तो बदलतो. आपल्याच रीतीने मोजून पाहा. दोन यशे आणि एक अपयश झालेले असेल तर मृत्यूची शक्यता किती उरते?

गणिती : तेवीस टक्के.

सूत्रधार : आणि एकही यश नसताना दोन अपयशे झालेली असतील तर?

गणिती : जवळपास एकोणऐंशी.

सूत्रधार : औषधोपचार जाणणारे पात्र दहा पावलांवर उभे आहे, आणि त्याच वेळी पुलावरून शत्रूची दुसरी तुकडी येत आहे. सोबत्याकडे धावावे की पूल अडवावा, एवढाच निर्णय त्या पाळीला त्याच्या हातात आहे. तेवीस टक्के असतील तर पूल अडवणे शहाणपणाचे, एकोणऐंशी असतील तर धावणे. दान झाकून ठेवले तर दोन्ही प्रसंगी त्याच्यापुढे एकच अंधार असतो, आणि मग सोबती मेला तर तो कोणाच्या निर्णयाने मेला हे सांगता येत नाही.

गणिती : पण तो फासा उघड्यावर पडला आणि तेवीस टक्के सर्वांना दिसले, तर कोणीच धावणार नाही, सगळे निवांतपणे आपापली लढाई लढत राहतील, आणि चारांत जवळजवळ एकदा तो सोबती सर्वांच्या देखत मरेल. तो मेला की टेबलावरचा प्रत्येकजण म्हणेल की यंत्रणा अन्यायाची आहे, आणि तसे म्हणणाऱ्यांत कदाचित आपणही असाल.

सूत्रधार : असू शकेल. पण त्या वेळी पूल अडवणाऱ्याला विचारावे लागेल, फाशाला नव्हे. आणि त्याने तेवीस टक्के पाहूनच पूल निवडलेला असेल.